थकलेला पगार बेळगावात कसा मागावा: वहीपासून वसुलीपर्यंत

शनिवारी बटवडा झाला नाही, सोमवारी मालक भेटला नाही, मंगळवारी माणूस रागाने थेट लेबर ऑफिसात गेला. हातात काही नाही. कुठल्या महिन्याचे किती राहिले हे विचारले तर सांगता येत नाही, मालकाचे पूर्ण नाव ठाऊक नाही. साहेब म्हणाले, ‘अर्ज लिहून आणा.’ माणूस परतला तो पुन्हा गेलाच नाही. उद्यमबाग-मच्छेच्या फाउंड्रीतला मोल्डर, वडगाव-शहापूरच्या मागावरचा कामगार, निपाणीची विडीवाली बाई, खानापूर तालुक्यातल्या वीटभट्टीवरचे जोडपे, सगळ्यांच्या बाबतीत मी हेच पाहत आलो. पैसे बुडतात ते बहुतेक वेळा कायदा नसल्यामुळे नव्हे, तर पायऱ्या उलट्या चढल्यामुळे. त्या ज्या क्रमाने चढायच्या, त्याच क्रमाने इथे लिहिल्या आहेत.

आधी एक गोष्ट: कागद दोन करा

मराठी म्हणून हिणवले, जातीवरून बोलले, ‘कन्नड येत नाही तर गेटबाहेर हो’ म्हटले आणि वर तीन आठवड्यांचा पगारही ठेवून घेतला. सहन करणाऱ्याला हे सगळे एकच असते आणि त्याचे काही चुकत नाही. पण अर्जात ते एकत्र आले की पगाराची मागणी मागे पडते. समोरचा वकील सीमाप्रश्नावर, भाषेवर, भांडणावर बोलत राहतो आणि रकमेचा विषय तारखांमागून तारखांवर जातो. पगाराच्या अर्जात फक्त काम, दिवस, दर आणि बाकी लिहा. अपमान आणि भेदभाव याचा दुसरा कागद, दुसऱ्या ठिकाणी. त्यातले एकही सोडून द्यायचे नाही, फक्त एकमेकांत मिसळायचे नाही.

पायरी १: वही घाला, आजच

पगार थकल्यावर नव्हे, कामाला लागल्या दिवसापासून. रोज चार गोष्टी: तारीख, कामावर आलो ती वेळ, सुटलो ती वेळ, काम काय केले. उचल घेतली तर रक्कम आणि कोणाच्या हातून. खाडा झाला तर खाडाही लिहा. स्वतःचे खाडे प्रामाणिकपणे लिहिलेली वही अधिकाऱ्याला खरी वाटते. एकाच शाईत एका बैठकीत लिहिलेल्या वहीला कोणी विचारत नाही.

अक्षरओळख नसेल तरी अडत नाही. निपाणीच्या एका बाईंनी घरातली भिंतीवरची दिनदर्शिकाच माझ्यापुढे ठेवली होती. प्रत्येक तारखेच्या चौकटीत पेन्सिलीने उभ्या रेघा, हजार विडीला एक रेघ. छाट म्हणून परत टाकलेल्या कट्ट्यांना टिंब. पान-तंबाखू कमी भरली त्या दिवशी चौकटीचा कोपरा दुमडलेला. अकरा महिने असे चाललेले. आम्ही बसून त्याची बेरीज केली. कारखानदाराच्या माणसाने आणलेल्या रजिस्टरात त्यातले कित्येक दिवस नव्हतेच.

ऊसतोडीच्या टोळीत हजेरीपेक्षा टन महत्त्वाचे. काट्याची पावती मुकादमाच्या खिशात जाते, म्हणून गाडी काट्यावरून उतरली की पावतीचा मोबाईलवर फोटो काढा. हंगाम संपल्यावर ती कोणी देत नाही.

तपासा: वहीत मुकादमाचे किंवा सुपरवायझरचे नाव आहे का? ‘शेठ’ आणि ‘साहेब’ एवढ्यावर अर्ज होत नाही.

पायरी २: तुम्ही तिथे कामाला होता, हे सिद्ध करण्याची तयारी

लोक सगळा जीव ‘पैसे दिले नाहीत’ हे सिद्ध करण्यात घालतात. खरी लढाई तिथे नसते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ लागू झाली. जुना १९३६चा वेतन प्रदान कायदा आणि १९४८चा किमान वेतन कायदा तिच्यात आले. या संहितेप्रमाणे पगार दिला हे दाखवण्याचा भार मालकावर आहे. म्हणून मालक दुसरी वाट धरतो: ‘हा माणूस आमच्याकडे कामालाच नव्हता.’ याचे उत्तर मात्र तुम्हालाच द्यावे लागते.

त्यासाठी काय चालते? गेट पास, ईएसआयचा नंबर, पीएफच्या पासबुकात दिसणारे कंपनीचे नाव, बँकेत पूर्वी जमा झालेला एखादा पगार, व्हॉट्सअॅपवर सुपरवायझरने ‘उद्या सेकंड शिफ्टला ये’ म्हणून टाकलेला निरोप, माल उतरवून घेताना चलनावर केलेली सही, कामाच्या जागी काढलेला फोटो. एक पुरावा ठोस नसेल तर चार कच्चे एकत्र ठेवा. त्याच काळात शेजारी काम केलेला आणि आता ती नोकरी सोडलेला सहकारी हा सर्वांत चांगला साक्षीदार. अजून तिथेच असलेल्याला ओढू नका, त्याचीही चूल त्याच पगारावर पेटते.

सावधान: मोबाईलमधला मूळ मेसेज पुसू नका. नुसता स्क्रीनशॉट ठेवून फोन विकला तर पुरावा कमकुवत होतो.

याच पायरीवर नावाचा घोळ मिटवा. आपल्याकडे शाळेचा दाखला मराठी शाळेतला, आधार कन्नडमधून इंग्रजीत गेलेले, बँकेचे खाते तिसऱ्याने टाईप केलेले. कांबळे हे आडनाव एका कागदावर इंग्रजीत सहा अक्षरी असते, दुसऱ्यावर ‘बी’ आणि ‘एल’च्या मध्ये एक ‘ए’ वाढून सात अक्षरी होते. घरातल्यांना तो एकच माणूस, कॉम्प्युटरला दोन. पीएफ अडकतो, पगार खात्यात जमा होत नाही आणि मालक म्हणतो, ‘मी पाठवले होते, परत आले.’ आधार, बँक आणि पीएफ या तिन्हींवर एकच स्पेलिंग करून घ्या. पीएफमधल्या काही दुरुस्त्यांना अजूनही मालकाची संमती लागते, म्हणून नोकरीत असतानाच त्या उरकाव्यात.

पायरी ३: हिशेब मांडा, एका पानात

रक्कम न लिहिलेला अर्ज म्हणजे नुसते गाऱ्हाणे.

आधी दर. ठरलेला दर आणि सरकारी किमान दर यांतला जो जास्त, तो धरायचा. कर्नाटकात किमान वेतनातला महागाई भत्ता दर वर्षी १ एप्रिलला बदलतो आणि उद्योगानुसार, कौशल्यानुसार दर वेगळा असतो. गेल्या वर्षीचा तक्ता वापरू नका, लेबर ऑफिसात चालू वर्षाचा मागा. ‘मी कमी पगारावर तयार झालो होतो’ असे लिहून दिले असले तरी किमान दराखाली जाणारा करार टिकत नाही. एकाच साईटवर, एकाच कामाला पुरुषाला एक रोज आणि बाईला कमी रोज देणे हेही संहितेच्या कलम ३ प्रमाणे चालत नाही. बायकांनी हिशेब पुरुषाच्या दराने मांडावा.

मग ओव्हरटाईम, तो दुप्पट दराने. एक उदाहरण, आकडे समजण्यापुरते:

रोज ६२० रुपये, ८ तास. म्हणजे तासाला ७७ रुपये ५० पैसे, ओव्हरटाईमचा तास १५५ रुपये.
२४ दिवस × ६२० = १४,८८०
३० तास × १५५ = ४,६५०
एकूण १९,५३०
वजा उचल ५,०००
बाकी १४,५३०

उचल घेतली असेल तर ती अशी वजा करूनच दाखवा. लपवली आणि मालकाने व्हाउचर काढले की उरलेल्या हिशेबावरचाही विश्वास जातो. कपातीकडेही बघा. पगारातून कापायला कायद्याने ठराविक कारणेच आहेत आणि सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्यापुढे जाऊ शकत नाहीत. कास्टिंग रिजेक्ट झाले म्हणून न विचारता परस्पर कापलेली रक्कम बाकीत परत धरा, आणि कशाबद्दल ते शेजारी लिहा.

तपासा: हाच हिशेब घरातल्या दुसऱ्या कोणाला करायला सांगा. दोघांचा आकडा जुळला पाहिजे.

पायरी ४: कन्नड कागदावर सही करण्याआधी

इथे मी स्वतः फसलो आहे. विशीत असताना एका मशीन शॉपमधले काम सोडले, तेवीस दिवसांचा पगार बाकी होता. क्लार्कने हजार रुपये हातावर ठेवले आणि कन्नडमधला कागद पुढे केला. काय आहे विचारले तर म्हणाला, ‘पावति.’ मी ऐकली आपली पावती, हजाराची, आणि सही केली. कन्नडमध्ये पावति म्हणजे रक्कम चुकती करणे. कागदावर लिहिले होते की सगळा हिशेब पूर्ण पावला. पुढे मागायला गेलो तेव्हा तोच कागद माझ्यापुढे धरला.

म्हणून पुढचे शब्द कन्नड वाचता येत नसले तरी कानाने ओळखा, आणि ज्याला वाचता येते त्याला कागदात ते आहेत का विचारा. ‘संबळ’ म्हणजे पगार आणि ‘कूलि’ म्हणजे मजुरी. ‘कडित’ म्हणजे कपात, ‘मुंगड’ म्हणजे उचल. ‘पूर्ति पावति’ आले तर हिशेब पुरा झाला असा अर्थ. ‘राजि’ म्हणजे तडजोड, आणि ‘राजीनामे’ म्हणजे आपला राजीनामाच. पगाराच्या नावाखाली पुढे केलेल्या कागदात शेवटच्या तिन्हींतले एकही असेल तर सही करू नका.

कागदाचा फोटो काढू देत नसतील तर तेवढ्यावरच थांबा. पैशाची निकड असेल आणि सही करावीच लागत असेल, तर सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात मराठीत लिहा: ‘आज रुपये एक हजार फक्त मिळाले. उरलेली बाकी मान्य नाही.’ तारीख घाला. कोऱ्या कागदावर आणि कोऱ्या व्हाउचरवर अंगठा कोणत्याही कारणाने देऊ नका, ओळखीच्या मुकादमाला तर नाहीच.

पायरी ५: हद्द ओळखा

सीमेवरची ही खास चूक. घर कुठे आहे यावर ऑफिस ठरत नाही, काम कुठे केले यावर ठरते. चंदगडचा माणूस उद्यमबागेत कामाला असेल तर अर्ज बेळगावात आणि दरही कर्नाटकाचा. निपाणीचा माणूस कागलच्या एमआयडीसीत जात असेल तर अर्ज कोल्हापुरात आणि दर महाराष्ट्राचा. गोव्यात बांधकामावर गेलेल्या खानापूरकरांनी गोव्याच्या कामगार खात्याकडे जायचे. चुकीच्या राज्यात दिलेला अर्ज महिनोन् महिने पडून राहतो आणि मुदत चालूच असते.

बेळगाव कॅम्पातली लष्करी बांधकामे, सांबरा विमानतळ, रेल्वे, बँका इथले ठेक्यावरचे काम केंद्र सरकारच्या कामगार खात्याकडे येते, राज्याच्या नव्हे.

ठेकेदारामार्फत कामाला असाल तर अर्जात दोघांची नावे घाला, ठेकेदार आणि ज्याच्या जागेत काम केले तो मूळ मालक. ठेकेदाराने पैसे दिले नाहीत तर ते देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. ठेकेदार पळून जातो, कारखाना जागचा हलत नाही.

पायरी ६: मागणीपत्र

ऑफिसात जाण्याआधी मालकाला एक पत्र. अर्धे पान पुरे: मी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अमुक काम केले, हिशेब सोबत जोडला आहे, बाकी इतकी, हे पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत खात्यात जमा करा. शिव्या नाहीत, धमकी नाही. स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा आणि त्याचीच प्रत व्हॉट्सअॅपवरही टाका.

कायदा काय म्हणतो ते पत्रात एका ओळीत यावे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत, आठवड्याचा त्या आठवड्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी, रोजंदारी त्या पाळीच्या शेवटी. काम सुटले किंवा काढले तर कामाच्या दोन दिवसांत सगळी बाकी. ‘राजीनामा दिलास, आता दोन महिन्यांनी ये’ याला आधार नाही.

पुष्कळदा पैसे याच पायरीवर मिळतात. ओरडणाऱ्याला मालक ओळखून असतो. आकड्यांचे पत्र पोस्टाने येते तेव्हा तो आपल्या अकाउंटंटला विचारतो, आणि अकाउंटंट रजिस्टर कसे ठेवले आहे ते जाणतो.

सावधान: पत्र पाठवून महिनोन् महिने वाट बघू नका. सात दिवस म्हणजे सात दिवस.

पायरी ७: लेबर ऑफिसात अर्ज

कन्नड पाटीवर ‘कार्मिक इलाखे’ लिहिलेले असते, तेच कामगार खाते. जाताना अर्जाच्या तीन प्रती, हिशेब, मागणीपत्र व पोस्टाची पावती, पुराव्यांच्या झेरॉक्स, आधार आणि बँक पासबुक न्या. मूळ कागद दाखवायचे, द्यायचे नाहीत.

नवी संहिता आल्यापासून फॉर्म आणि नियम बदलत आहेत. ऑफिसाबाहेरच्या झेरॉक्स दुकानातला जुना छापील फॉर्म घेऊ नका, आत विचारून चालू असलेला घ्या.

मुदतीबद्दल फार गैरसमज आहेत. नव्या संहितेत मागणी तीन वर्षांच्या आत करता येते. जुन्या कायद्यांत किमान वेतनाला सहा महिने आणि थकलेल्या पगाराला बारा महिने होते. माझा सल्ला: तीन वर्षे आहेत हे विसरूनच जा आणि सहा महिन्यांच्या आत अर्ज टाका. बाकी जुन्या कायद्याच्या काळातली असली तरी मुदतीचा वाद निघत नाही, साक्षीदार गावात असतात आणि रजिस्टर अजून कपाटात असते.

भाषेचा प्रश्न इथे येतो. राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणे कोणत्याही अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणे केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. मराठी अर्ज घेणार नाही असे कोणी म्हणाले तर हे कलम शांतपणे सांगा. तरीही मी प्रत्येकाला मराठी अर्जासोबत कन्नड प्रत जोडायला सांगतो तेव्हा काही जण नाराज होतात. हक्क सोडण्याचा हा प्रश्न नाही. फाईल ज्याच्या टेबलावर पडणार, त्याने ती त्याच दिवशी वाचावी एवढाच हेतू आहे. गावातल्या कन्नड शिकलेल्या मुलाकडून प्रत करून घ्या, आणि सही करण्याआधी ती त्याच्याकडूनच मराठीत उलट वाचून घ्या. आकडे दोन्ही प्रतींत तेच आहेत का, हे बोट ठेवून बघा.

अर्जात मूळ रकमेबरोबर नुकसानभरपाईही मागा. अधिकाऱ्याला मागणीच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार आहे. दहापट मिळेलच असे नाही, पण न मागता कोणी देत नाही. तुम्ही नोंदणीकृत युनियनचे सभासद असाल तर युनियनही तुमच्यासाठी अर्ज करू शकते. अनेक कामगारांची बाकी एकाच मालकाकडे असेल तर वेगवेगळे जाण्यापेक्षा एकत्र जा, प्रत्येकाचा हिशेब मात्र स्वतंत्र पानावर असावा.

तपासा: तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक आहे का? ‘ठेवून जा, बघतो’ म्हणजे अर्ज दिला असे नव्हे. शिक्का देत नसतील तर तोच अर्ज त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा.

वकील लागतोच असे नाही. हवा असेल तर बायका, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो, उत्पन्न न बघता. फोन १५१००. तालुक्याच्या कोर्टातही विधी सेवा समिती असते.

पायरी ८: तारीख आणि तडजोड

प्रत्येक तारखेला जा. रोज बुडतो हे खरे आहे, आणि मालक त्याचीच वाट बघत असतो. अगदीच जमत नसेल तर आधी लेखी कळवा.

तारखेला मालक म्हणतो, ‘निम्मे घे, आत्ता देतो.’ निम्म्यावर तोडायचे की नाही हा निर्णय तुमचा. घरात आजारपण असेल तर घेणाऱ्याला मी दोष देणार नाही. पण तीन गोष्टी पाळा. तडजोड अधिकाऱ्यासमोर लिहा, चहाच्या टपरीवर नव्हे. अर्ज मागे घेण्याची सही पैसे खात्यात दिसल्यावरच करा. आणि कागदावर ‘राजीनामा’ कुठे घुसलेला नाही ना, हे पायरी चारप्रमाणे तपासा.

चेक घेतला आणि परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत मालकाला लेखी नोटीस गेली पाहिजे. ती मुदत हुकली तर चेक बाउन्सची केस करता येत नाही. मेमो आला की दुसऱ्याच दिवशी विधी सेवेच्या वकिलाकडे जा.

अर्जानंतर कामावरून काढले तर तो स्वतंत्र वाद आहे आणि त्याचा अर्जही स्वतंत्र. पगाराच्या फाईलमध्ये तो घुसडू नका.

पायरी ९: आदेश झाला, पैसे आले नाहीत

आदेश हातात पडला की पुष्कळजण काम झाले समजून घरी बसतात. आदेशात दिलेल्या मुदतीनंतर पैसे नसतील तर त्याच अधिकाऱ्याकडे वसुली दाखल्यासाठी अर्ज करा. तो दाखला डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसात जातो आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. अर्जासोबत मालकाच्या मालमत्तेची माहिती द्या: कारखान्याचा पत्ता, गाळा स्वतःचा की भाड्याचा, कोणत्या बँकेत खाते, गाड्यांचे नंबर. तहसीलदाराच्या माणसाला हे शोधायला वेळ नसतो. तुम्ही तिथे काम केले आहे, तुम्हाला ठाऊक असते.

फाईल पुढे सरकत नसेल तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका. ‘अमुक क्रमांकाच्या दाखल्यावर काय कारवाई झाली’ एवढाच प्रश्न विचारा. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते.

पायरी १०: दुसरा कागद

आता अपमानाचा आणि जबरदस्तीचा कागद. हा पहिल्या कागदाची वाट बघत थांबवायचा नाही.

अनुसूचित जाती किंवा जमातीच्या माणसाला त्या समाजाबाहेरच्याने लोकांसमोर जातीवरून शिवीगाळ केली, बिगारी करायला लावली, तर १९८९च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली पोलीस ठाण्यात फिर्याद. खानापूर भागातल्या सिद्दी (मूळ आफ्रिकी वंशाच्या) बांधवांनी हे लक्षात ठेवावे: २०२० पासून बेळगाव जिल्ह्यातले सिद्दीही अनुसूचित जमातीच्या यादीत आहेत. केसावरून, रंगावरून हिणवून कमी रोजावर राबवणे त्यांच्या वाट्याला पिढ्यानपिढ्या आले आहे. जातीचा दाखला अजून काढला नसेल तर आधी काढा.

फिर्यादीत सगळ्यात मोठी चूक ‘जातीवाचक शिवीगाळ केली’ एवढेच लिहिण्याची. कोणते शब्द, कोणत्या भाषेत, तेच्या तेच लिहा. कन्नडमध्ये बोलला असेल तर ते कन्नड शब्द देवनागरीत उतरवा. कुठे उभे होते, कोण ऐकत होते, किती वाजले होते तेही. फिर्याद तोंडी सांगता येते, ती लिहून घेऊन तुम्हाला वाचून दाखवणे पोलिसांवर बंधनकारक आहे आणि प्रत फुकट मिळते. कळेल अशा भाषेत वाचून घ्या, मगच सही.

उचलीच्या नावाखाली डांबून ठेवले असेल, म्हणजे ‘अंगावरची रक्कम फेडल्याशिवाय भट्टी सोडायची नाही’ असे असेल, तर ते लेबर ऑफिसचे काम नाही. १९७६च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याखाली थेट डीसी किंवा एसी (प्रांताधिकारी) ऑफिसात जा. जाता येत नसेल तर गावातल्या नातेवाईकाने अर्ज द्यावा. वेठबिगारी ठरली की ती उचल कायद्याने बुडीत होते, फेडावी लागत नाही. सुटका झाल्यावर सुटकेचा दाखला घेतल्याशिवाय गावाकडची गाडी धरू नका, पुढची सरकारी मदत त्या दाखल्यावरच मिळते.

मराठी बोलल्याबद्दल ऐकवले जाते त्याला मात्र खासगी कारखान्यात असा थेट कायदा नाही. वीस किंवा जास्त कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती असायला हवी, तिच्याकडे लेखी द्या आणि प्रत ठेवा. उद्या कामावरून काढले तर खरे कारण काय होते, हे दाखवायला तोच कागद उपयोगी पडतो.

पायरी ११: दारातच अडवले तर

जाहिरातीचा फोटो, मुलाखतीची तारीख आणि कोण काय बोलले, हे त्याच संध्याकाळी लिहून ठेवा. ‘स्थानिकांनाच घ्यायचा कायदा झाला आहे’ असे सांगून परत पाठवले जाते. जुलै २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेला स्थानिक नोकरभरतीचा मसुदा दोन दिवसांतच थांबवला गेला. त्याचा दाखला कोणी दिला तर ‘कोणत्या कायद्याखाली’ हे लेखी मागा. त्या मसुद्यातही स्थानिक म्हणजे कर्नाटकात जन्मलेला, पंधरा वर्षे राहिलेला आणि कन्नड येणारा अशी व्याख्या होती, मातृभाषा कन्नड हवी असे नव्हते. मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलांनी गुणपत्रिकेतला कन्नड विषय पुढे करावा. आपली मुले हाच कागद घरी ठेवून मुलाखतीला जातात.

काम मिळाले की पहिल्याच आठवड्यात नेमणूकपत्र मागा. नव्या कामगार संहितांनी ते देणे मालकावर बंधनकारक केले आहे. त्यात दर, कामाचे तास, पगाराची तारीख आणि तुमच्या नावाचे स्पेलिंग बघा, आणि पायरी एकची वही त्याच दिवशी घाला.